फुकटचा फॉन्ट, फुकाची भीती

गेल्या आषाढात आमच्या दिवाळी अंकाची बैठक भरली होती. छापील अंकाबरोबर यंदा फोनवर आणि टॅबवर वाचता येईल अशी आवृत्तीही काढायची, एवढाच विषय होता. चहा येईपर्यंत मिटायला हवा होता. पण मी म्हटलं, मजकूर मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये लावू, आणि भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भाऊंनी चष्मा काढला की पुढची वीस मिनिटं त्यांची, हे आम्हां सगळ्यांना पाठ आहे.

भाऊंचं आयुष्य छापखान्यात गेलं. खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे ऑफसेट आलं, संगणकावरचं कंपोज आलं, ते सगळ्याला पुरून उरले. मुद्रितं तपासताना त्यांच्या नजरेतून चूक निसटलेली मी पंधरा वर्षांत दोनदा पाहिली आहे. तेव्हा त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊन चालत नाही. ते म्हणाले, ‘‘फुकटचा फॉन्ट म्हणजे शिकाऊ पोरांचा हात. चांगलं अक्षर घडवायला वर्षं जातात, ते कुणी फुकट वाटत नाही. शिवाय देवनागरी ही कागदाची लिपी. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. पडद्यावर तिचा चिखल होतो. आणि आपली नजर ज्या वळणावर घडली ते सोडून भलतंच समोर ठेवलंत, तर वाचणाऱ्याचे डोळे जातील.’’

बैठकीत मी काही बोलले नाही. उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे. वडे गरम होते. ते उत्तर आता देते.

डोळ्यांचं आधी उरकून टाकते. पडद्यावर वाचून डोळे शिणतात, जात नाहीत. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचंही हेच सांगणं आहे. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. त्यावर दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद पाहावं, एवढा साधा उपाय सांगतात. पापणी मिटायची आठवण कुठलाच फॉन्ट करून देत नाही, विकतचाही नाही. फॉन्टनं होणारा त्रास वेगळा असतो. अक्षर ओळखताना नजर अडते, मागे जाते, ओळ चुकते, आणि चार पानांत कपाळाला आठी पडते. तो त्रास कुठून येतो हे अक्षराच्या जवळ जाऊन दाखवता येतं, आणि मी ते दाखवणार आहे. पण त्याआधी ‘फुकट’ या शब्दाकडे बघू.

भाऊंच्या सगळ्या बोलण्यात मला हाच शब्द सर्वांत खटकला, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. एके काळी डीटीपीवाल्यांकडे शेकडो चोरीच्या फॉन्टच्या सीड्या फिरत. ते फॉन्ट फुकट होते, मुक्त नव्हते. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ वेगळे पैसे न मोजता मिळतो, पण तोही मुक्त नाही; तो उघडून त्यात दुरुस्ती करायचा किंवा आपल्या ई-पुस्तकाबरोबर वाटायचा हक्क आपल्याला नाही. मुक्त फॉन्ट म्हणजे ज्याचा परवानाच लेखी सांगतो की वापरा, वाटा, पुस्तकात बसवा, आतला सांधा खटकला तर बदला. यातला सर्वांत रुळलेला परवाना एसआयएल या संस्थेचा, ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ नावाचा, त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. त्याला अटीही आहेत. नुसता फॉन्ट विकता येत नाही. बदललेला फॉन्ट त्याच परवान्यानं द्यावा लागतो. मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल तर आपल्या बदललेल्या प्रतीला ते नाव लावता येत नाही. थोडक्यात, हे गावजेवण नाही, इथं पंगतीचे नियम आहेत.

आणि शिकाऊ पोरं कोण? ‘मुक्ता’ मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाचा, सात वजनांत केलेला. ‘हिंद’ आणि ‘पॉपिन्स’ अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे. अक्षर घडवणं हाच या मंडळींचा पेशा आहे. २०१४-१५ च्या सुमारास गूगलनं भारतीय लिप्यांचे बरेच फॉन्ट पैसे मोजून करवून घेतले आणि मुक्त परवान्यानं खुले केले. म्हणजे कारागिराला मजुरी मिळाली. फक्त ती वाचकाच्या खिशातून गेली नाही. आपल्या राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ तर सरकारी पैशातून झालेले, म्हणजे त्यात भाऊंच्या करातलेही चार पैसे आहेत. ज्याचे पैसे आपण आधीच भरले त्याला फुकट कसं म्हणायचं?

या यशोमुद्राचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. आयआयटी मुंबईत संस्कृतातल्या विज्ञानग्रंथांवर काम करणाऱ्या गटाला असा फॉन्ट हवा होता, ज्यात संस्कृतची अवघड जोडाक्षरं आणि रोमन लिप्यंतराची टिंबं-रेघांची अक्षरं एकत्र नांदतील. त्यांनी देवनागरीसाठी यशोमुद्रा घेतला, रोमनसाठी ‘पीटी सेरिफ’ हा दुसरा मुक्त फॉन्ट घेतला, हवी ती भर घातली आणि ‘शोभिका’ तयार करून पुन्हा मुक्त केला. विकतच्या फॉन्टवर हे करायचं तर आधी वकील गाठावा लागला असता.

एक गोष्ट भाऊंना खासगीत सांगायची होती, आता जाहीरच सांगते. भाऊ रोज सकाळी फोनवर बातम्या वाचतात, नातवाचे निरोप वाचतात, कीर्तनाच्या गटातल्या लांबलचक पोस्ट वाचतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीसाठी गूगलचा ‘नोटो’ असतो. मुक्त परवान्याचा. त्याचं नावच, मजकुरात चौकोनी डबे दिसू नयेत, या इच्छेतून आलेलं आहे. आणि काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी बसवायचं, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचं, पूर्वी जे जुळाऱ्याचे हात करत, ते काम अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये ‘हार्फबझ’ नावाची मुक्त स्रोत प्रणाली करते. भाऊंनी इतकी वर्षं हे सगळं वाचलं आणि त्यांचे डोळे शाबूत आहेत. मुद्रितात अजूनही ते माझ्या चुका काढतात, यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

आता त्यांच्या बाजूचं. मुक्त फॉन्ट सगळेच चांगले असतात असं म्हणणारा माणूस मराठी वाचतच नसावा. या ढिगात कोंडा पुष्कळ आहे. काही रोमनच्या सोबतीला देवनागरी हवी म्हणून उरकलेले आहेत, काही अर्धवट सोडलेले, काहींत जोडाक्षरांचा पत्ता नाही. चांगले असूनही चुकीच्या जागी वापरलेले त्याहून जास्त. एक टाइपचाच ‘मोदक’ घ्या: गुबगुबीत, गोड, पोटातल्या फटी जवळजवळ बुजलेल्या. मथळ्यात तो झकास दिसतो. त्यात कादंबरी लावणं म्हणजे मोदकांवरच पंधरवडा काढणं. पॉपिन्सची वर्तुळं देखणी आहेत, बटणावर आणि पाटीवर शोभतात. सलग दहा पानं वाचली की अक्षरं माळेतल्या मण्यांसारखी एकसारखी वाटायला लागतात, शब्दाला चेहरा राहत नाही. निदान मला तरी. पण यावरून फॉन्ट वाईट ठरत नाही, आणि त्याची किंमत शून्य असल्याचा तर या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. निवडणाऱ्याचं चुकलं आहे. भाऊंच्या काळातही कुणी अठरा पॉइंटाच्या ठळक खिळ्यांत कथा लावली नसती.

मग निवडायचं कसं? माझ्यापाशी एक ओळ आहे. अर्थाच्या नावानं शंख आहे, पण गेली काही वर्षं प्रत्येक नवा फॉन्ट मी तिच्यावर घासून पाहते: ‘आचाऱ्यांनी उद्ध्वस्त बिऱ्हाडातली ॲल्युमिनियमची भांडी मांडवात रवाना केली, तेव्हा घरधन्यानं सर्वांना खाना वाढला.’ ही ओळ सोळा पिक्सेलांवर ठेवायची, मोठी करायची नाही, आणि हातभर अंतरावरून वाचायची.

पहिलाच शब्द बघा. ‘आचाऱ्यांनी’ स्वयंपाक केला आणि ‘आचार्यांनी’ प्रवचन दिलं, या दोहोंत मराठीत केवळ एका आडव्या फटकाऱ्याचा फरक आहे. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करून केलेल्या फॉन्टमध्ये तिथं खाली टिंब असलेला आणि पाय मोडलेला ‘र’ उभा राहतो. तो दिसला की तो फॉन्ट बाद, मग तो कितीही देखणा असो. ‘बिऱ्हाड’ त्याचीच दुसरी परीक्षा. मग ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी डबा दिसतो. आज ॲप, ॲसिडिटी आणि ॲडव्हान्स यांच्याशिवाय मराठी माणसाचा दिवस जात नाही, तेव्हा हा डबा परवडणारा नाही.

‘उद्ध्वस्त’मध्ये खरी गंमत आहे. सोळा पिक्सेलांच्या अक्षरात शिरोरेषेपासून बुडापर्यंतची उंची जेमतेम आठ-दहा बिंदूंची. काही फॉन्ट त्यात द, ध आणि व यांची उतरंड रचतात. कागदावर ती सुंदर दिसते. जुन्या मॉनिटरवर तिचा खरोखरच चिखल होतो, हे मी भाऊंना लिहून देते. काही फॉन्ट पाय मोडून अक्षरं शेजारी-शेजारी मांडतात. माझ्या मुद्रितशोधकाच्या नजरेला ते उघडंबोडकं वाटतं, पण वाचताना नजर अडत नाही. मी छापील अंकाला उतरंड ठेवीन आणि फोनला मोकळी मांडणी देईन.

‘रवाना’ आणि ‘खाना’ यांची फजिती भाऊंनाच जास्त ठाऊक. ‘ख’चा खालचा काटा दंडाला नीट जोडला नसेल तर जेवायला बोलावलेला पाहुणा वाटेला लागतो. ‘घरधनी’त घ आणि ध शेजारी येत नाहीत, तरी त्यांच्यातला फरक डोळ्यात भरायला हवा: ‘ध’च्या डोक्यावरची फट आणि तिथली छोटी गाठ. अक्षर जाड केलं की सर्वांत आधी ही फट बुजते. भ आणि म यांचंही तेच. शेवटी ‘सर्वांना’: रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. दोन्ही एकमेकांना चिकटून एक ठिपका झाला तर वाचक ‘सर्वाना’ वाचतो आणि शुद्धलेखनाचं खापर माझ्या डोक्यावर फुटतं.

या ओळीत मुक्ता आणि नोटो सॅन्स दोन्ही उत्तम उतरतात. फॉन्टच्या किमतीची चौकशी करणारं त्या ओळीत एकही अक्षर नाही.

पडद्याचा मुद्दा राहिला. भाऊंचं मत त्यांच्या कचेरीतल्या मॉनिटरवर घडलं आहे. चोवीस इंची साध्या मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ बिंदू असतात. त्यांच्याच खिशातल्या फोनवर चारशेच्या आसपास. आर. के. जोशींनी मंगल घडवला तो विंडोज २००० च्या काळातल्या पडद्यांसाठी. जोशी मोठे सुलेखनकार होते. त्या मूठभर बिंदूंत त्यांनी देवनागरी बसवली हेच नवल. ‘पडद्याला जाड-बारीक रेघ चालत नाही, सपाट रेघच हवी’ हा नियम त्या पडद्यांचा होता, आणि लोक तो अजून पाठ म्हणतात. बोरूच्या तिरक्या कापातून आलेली जाड-बारीक रेघ आजच्या फोनवर स्वच्छ उमटते. म्हणून माझी शिफारस सरसकट नसते. कचेरीतल्या मॉनिटरवर मुक्ता किंवा नोटो सॅन्स लावावा. फोनवर, टॅबवर सलग गोष्ट वाचायची असेल तर ‘मार्टेल’, यशोमुद्रा किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्यावा. सेरिफ की सॅन्स हा वाद रोमनचा आहे. तो उचलून देवनागरीवर लादणं म्हणजे नऊवारीला बटणं लावणं.

लिपीला दोष देणाऱ्यांसाठी मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. आई ७८ वर्षांची. फोनवर वाचताना ती म्हणायची, ‘‘शब्द कापल्यासारखे दिसतात गं.’’ माझ्या भावानं अक्षर मोठं करून दिलं. शब्द आणखी कापलेले दिसायला लागले. त्यानं आणखी मोठं केलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी एकदा तिच्या शेजारी बसून नीट पाहिलं, तर ‘कुठून’मधला दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या ‘मैत्रीण’च्या दोन मात्रांमध्ये घुसला होता. त्या वाचन-ॲपमध्ये ओळींतलं अंतर रोमनच्या हिशेबानं ठेवलेलं होतं. रोमनच्या डोक्यावर फारसं काही नसतं, पायाशीही तुरळक. आपल्या ओळीला दोन मजले आणि एक तळघर. अंतर अक्षराच्या दीडपटीच्या वर नेलं आणि अक्षर उलट एक पायरी लहान केलं. तिनं त्या दुपारी अख्खी कथा वाचली, मग झोपायचं राहिलं म्हणून माझ्यावर चिडली.

अंतर वाढवणं ही काही माझी युक्ती नव्हे. वेबसाठीचे सुगम्यतेचे जे निकष २०१८ मध्ये आले, त्यांत ओळींचं अंतर दीडपट केलं तरी मजकूर कापला जाता कामा नये अशी अटच आहे. देवनागरीला मी १.६ च्या खाली जात नाही. छापखान्यात भाऊ याच कामासाठी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत. कमी घातल्या तर त्यांनीच जुळाऱ्याला फैलावर घेतलं असतं, देवनागरीला नव्हे. नाचता येईना आणि अंगण वाकडं, हे इथं अक्षरशः लागू आहे.

भाऊंनी एक मुद्दा मांडायला हवा होता, तो त्यांनी मांडला नाही, म्हणून मीच मांडते. बरेचसे मुक्त फॉन्ट हिंदीच्या वळणानं जातात. आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्यांत समोर दिसत नाहीत. दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ दिसतो. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात मराठीसाठी कुठली वळणं वापरायची ते ठरवून दिलं, २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि तरी आपल्या पडद्यांवर हिंदीचा ‘ल’ ठाण मांडून आहे. ही तक्रार खरी आहे आणि मला ती रोज टोचते.

पण दोष फॉन्टचा किती, ते पाहू. चांगल्या फॉन्टच्या पोटात दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं त्याला सांगितलं की तो मराठी ‘ल’ काढून देतो. सांगायचं म्हणजे पानाच्या संकेतलेखनात भाषेच्या जागी ‘एमआर’ ही दोन अक्षरं लिहायची. आम्ही ती लिहीत नाही. मराठी मजकुराची कित्येक पानं स्वतःला इंग्रजी म्हणवतात, काही हिंदी, काही काहीच नाही. वाढप्याला काय हवं ते सांगायचं नाही आणि ताटात दुसरंच पडलं म्हणून रुसायचं, असा हा प्रकार आहे. ज्यांना या खटपटीत पडायचं नाही त्यांच्यासाठी जॉन हडसन आणि फिओना रॉस यांचा टिरो आहे. तो हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फॉन्टमध्ये येतो. मराठीच्या टिरोत ‘ल’ आणि ‘श’ आपलेच. उणीव एवढीच की त्याला ठळक वजन नाही; ठळक करायला गेलात तर संगणक अक्षराला नुसती सूज आणतो. मथळ्याला दुसरा फॉन्ट घ्या.

नजर ज्या वळणावर घडली ते सोडू नये, हे भाऊंचं म्हणणं मला सर्वांत पटणारं आहे, आणि म्हणूनच ते त्यांच्या विरुद्ध जातं. आपण जे जास्त वाचतो ते आपल्याला सोपं वाटतं, हे खरंच आहे. पण भाऊंच्या पिढीची नजर घडली ती मुंबईच्या वळणावर, निर्णयसागरच्या परंपरेवर: जावजी दादाजींचा १८६९ चा छापखाना, रुंद अक्षर, मोकळं पोट, बोरूची जाड-बारीक चाल. आज पडद्यावर ती चाल मला यशोमुद्रात दिसते, टिरोत दिसते. भाऊ ज्या विकतच्या फॉन्टांची शिफारस करत होते त्यांतले निम्मे १९९० च्या दशकात घाईनं केलेले, कोनाकोनांत मोडलेले आहेत. सवयीचाच निकष लावायचा तर मुक्त फॉन्टच घरचे निघतात.

आणि ते विकतचे फॉन्ट. इथं मला जरा राग येतो, तो येऊ देते. आमच्या अंकाचे १९९७ पासूनचे जवळजवळ दहा वर्षांचे मजकूर एका विकतच्या प्रणालीत कंपोज केलेले आहेत. ती प्रणाली चालवायला संगणकाच्या पाठीत एक डाँगल खोचावा लागे. डाँगल गेला, तो खोचायचं ते भोकही नव्या संगणकावरून गेलं. फायली आहेत. उघडल्या की दिसतात रोमन अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं. कारण त्या काळी मराठी मजकूर मराठी म्हणून साठवलाच जात नसे. रोमन अक्षरांना त्या विशिष्ट फॉन्टचा मुखवटा चढवला जाई. मुखवटा काढला की खाली काही नाही. त्यात शोध घेता येत नाही. दृष्टिहीन वाचकाचं पडदावाचक त्यावर ठेवलं तर ते नुसती बडबड करतं. आणि फॉन्ट बदलायचा म्हटलं तर मजकूरच नाहीसा होतो. अंकाला कधी काळी लिहिलेली एक दीर्घकथा मी गेल्या वर्षी छापील पानावरून पुन्हा टाइप केली, अक्षर अन् अक्षर. लेखक आता नाहीत, त्यांना विचारायची सोय नव्हती.

भाऊंशी माझं भांडण आहे ते इथं. आरामात वाचता येणं हा गुण कुठल्या एका फॉन्टच्या अंगी नसतो, वाचकाला फॉन्ट बदलता येण्यात तो असतो. माझ्या मॉनिटरला मुक्ता बरा, आईच्या फोनला टिरो, आणि शेजारच्या मुलाला, ज्याला अक्षरं हलल्यासारखी दिसतात, त्याला नोटोचं जरा जाड वजन, तेही ऐसपैस अंतरावर. तिघांना एकच फॉन्ट ठरवून देणारी मी कोण? मजकूर युनिकोडमध्ये असला आणि फॉन्ट मुक्त असला तर आम्ही पुस्तकाबरोबर तीन-चार फॉन्ट बिनघोर बांधून देऊ शकतो, आणि ज्याला तेही नकोत तो आपला लावतो. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळी निवड आहे. तिथं हवा तो फॉन्ट ठेवा आणि पानांना स्वतःचा फॉन्ट लादू देणारी खूण काढून टाका. लिबरऑफिसच्या शैलींत देवनागरीसाठी रोमनपासून वेगळी जागा असते. ती न बदलता लोक रोमनचा फॉन्ट बदलत बसतात आणि ‘मराठी काही बदलत नाही’ म्हणून हात टेकतात. संपादक मंडळी अजूनही लेखकाला ‘मंगलमध्ये पाठवा’ असं सांगतात. त्यांना म्हणायचं असतं युनिकोडमध्ये पाठवा. मजकूर आणि त्याचा अंगरखा या दोन गोष्टी आहेत हे आपल्या बोलण्यातच अजून शिरलेलं नाही.

ती पुन्हा टाइप केलेली कथा मी टिरोत लावली, ओळींचं अंतर १.६ ठेवलं, आणि नमुना म्हणून टॅब भाऊंच्या घरी नेला. भाऊंनी चष्मा लावला. मी फॉन्टचं नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. वहिनींनी कोकम सरबत आणलं, ते तसंच राहिलं. अर्ध्या तासानं त्यांनी बोट एका जागी ठेवून टॅब माझ्याकडे वळवला.

‘‘अगं, लग्नाच्या मांडवात आचार्यांना कशाला बोलावलंस? आचाऱ्यांना हवं ना?’’

मी ‘र’ला शिफ्ट दाबायची विसरले होते.